बादलीला तारीख हवी

आमच्याकडे पाट्यांना तोटा नाही. ‘जमीन निसरडी आहे, सावकाश चाला.’ ‘व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी खात्री करा.’ ‘हेल्मेट घाला, घरी कुणीतरी वाट पाहतंय.’ काही मराठीत, काही हिंदीत. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही कारखान्याच्या फाटकातून आत जा. रंगाचा असो, औषधांचा असो, कापडाचा असो की पोलादाचा, भिंती तुमच्याशी बोलू लागतात. मी मेन्टेनन्समध्ये, म्हणजे यंत्रांच्या देखभालीत, बरीच वर्षं काढली आहेत. एवढ्या वर्षांत पाट्यांबद्दल माझं एक मत झालं आहे. जिथे ‘काळजी घ्या’ अशी पाटी असते, तिथे बहुतेक वेळा एखादं काम करायचं राहून गेलेलं असतं.

पाटी वाईट नसते. पण ती कुणाला उद्देशून असते ते पाहा. ती मालकासाठी नसते, मॅनेजरसाठी नसते. ती असते रात्रपाळीत पहाटे तीन वाजता बादली उचलणाऱ्या हेल्परसाठी. जमीन ओली आहे हे त्याने लक्षात ठेवायचं, आणि ते रोज, प्रत्येक फेरीला, झोप डोळ्यांवर असताना. बाकी कुणाला काहीच करायचं नसतं. अडचण तिथेच राहते, फक्त तिची जबाबदारी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या डोक्यावर जाते.

याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. एका कारखान्यात पातळ कॉस्टिकचा एक पंप होता. त्याचं सील गळायचं. थेंब थेंब. खाली बादली ठेवलेली असायची. बादली भरली की हेल्परने ती उचलून टाकीत ओतायची. दर तीन-एक महिन्यांनी गळती वाढली की पंप बंद करायचा, नवं सील घालायचं, पंप चालू करायचा. काही आठवडे सगळं कोरडं. मग पुन्हा थेंब, पुन्हा बादली. कॉस्टिक हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. फरशीवर सांडलं की तिथे पाय ठरत नाही.

एका रात्री जव्हारकडचा एक मुलगा, ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला, ती बादली घेऊन जाताना घसरून पडला. हातावर कॉस्टिक उडालं. शेजारच्याने लगेच नळाखाली हात धरला म्हणून कातडी वाचली, पण मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ठेकेदाराने थोडे दिवस सांभाळून घेतलं, मग सरळ हिशेब सुरू झाला, काम नाही तर हजेरी नाही. घरात त्याच्या कमाईवर किती माणसं जेवत होती, हे कुठल्या कागदावर आलं नाही. कागदावर आलं ते एवढंच. कारण, कामगाराचं दुर्लक्ष. उपाय, कामगारांना सूचना दिल्या व पाटी लावली.

आमचे एक मिस्त्री होते, केळव्याचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. पाटीचे स्क्रू आवळता आवळता ते म्हणाले, “भाई, पोरगा का पडला ते लिहिलं. सील का जातं ते कुणी लिहिलं का?”

म्हणून मी एक सुट्टीचा दिवस मागून घेतला. त्या दिवशी पंप बंद होता. मिस्त्रींनी पंपाला जोडलेल्या पाइपचे बोल्ट सैल केले आणि पाइप चांगला दोन बोटं खाली उतरला. म्हणजे त्या लांबलचक पाइपचं वजन कुठल्याही आधारावर नव्हतं, ते पंपाच्या तोंडावर टेकलेलं होतं. त्यामुळे पंपाची बैठक तिरकी होत होती, पंपाचा आणि मोटरचा दांडा एका रेषेत राहत नव्हता, दांडा थरथरत होता आणि सील झिजत होतं. पाइपला आधार का नव्हता? भिंतीवर जुन्या आधाराची कापलेली खूण होती. विचारपूस केल्यावर कळलं की केबलचा ट्रे न्यायचा होता तेव्हा वाट करायला तो आधार ‘तात्पुरता’ कापला होता. परत लावायचा राहिला. किती वर्षांपूर्वी, ते कुणाला सांगता येईना.

भंगारातून एक अँगल काढला, खाली पट्टी वेल्ड केली, पाइप त्यावर बसवला, डायल गेज लावून दोन्ही दांडे एका रेषेत आणले. संध्याकाळपर्यंत काम संपलं. त्यानंतर ते सील दोन वर्षांहून जास्त चाललं. बादली गेली, बादली उचलण्याचं काम गेलं, आणि कुणालाही काही लक्षात ठेवायची गरज उरली नाही.

टोयोटा कंपनीतले ताइइची ओनो आपल्या माणसांना सांगत की यंत्र बंद पडलं तर ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारा. पहिल्या ‘का’चं उत्तर मिळतं तेव्हा हातात फक्त बिघडलेला सुटा भाग असतो. शेवटच्या ‘का’पाशी पोचेपर्यंत बहुधा कुणीतरी कधीतरी घेतलेला एक निर्णय सापडतो. आमच्या पंपाच्या बाबतीत पहिलं उत्तर होतं ‘सील झिजलं’. त्यावर कारखाना वर्षाला चार सीलं खर्च करत होता. शेवटचं उत्तर होतं कापून टाकलेला आधार. त्याला लागला भंगारातला एक अँगल.

तात्पुरती सोय कुठवर जाऊ शकते, याची एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवी. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो नावाच्या ठिकाणी एक रासायनिक कारखाना होता. तिथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल तयार होत असे. एका ओळीत सहा मोठे रिअॅक्टर होते आणि आत गरम, दाबाखालचं, पेट घेणारं सायक्लोहेक्झेन. पाचव्या रिअॅक्टरपाशी बारीक गळती होती, म्हणून वरून पाणी सोडून ठेवलं होतं. एक तात्पुरती सोय. त्या पाण्यात नायट्रेट होतं. त्याने पोलाद आतल्या आत खाल्लं आणि मार्च १९७४ मध्ये रिअॅक्टरला लांब चीर सापडली. उत्पादन थांबवायचं नव्हतं. म्हणून पाचवा रिअॅक्टर काढला आणि चौथ्यातून सहाव्यात जाणारा एक वाकडा पाइप जोडला. दुसरी तात्पुरती सोय. त्या पाइपचा नकाशा म्हणून जे काही होतं, ते वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं होतं. पाइप टेकवला होता परांचीवर. दोन महिने तो टिकला. १ जून १९७४ च्या दुपारी तो निसटला, वायूचा ढग पसरला आणि पेटला. २८ माणसं गेली. दिवस शनिवारचा होता आणि ऑफिसं रिकामी होती, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला.

आपल्याकडे हे वाचून ‘ते मोठे कारखाने, ती मोठी संकटं’ असं म्हणायची सवय आहे. पण सुरुवात पाहा. थेंबभर गळती आणि त्यावर सोडलेलं पाणी. आमच्या बादलीहून ती फार वेगळी नव्हती.

मग टिकाऊ उपाय ओळखायचा कसा? माझी एक साधी कसोटी आहे. हा उपाय चालू राहण्यासाठी कुणाला काय लक्षात ठेवावं लागेल? उत्तर जितकं लांब, तितका उपाय कच्चा.

वेल्डिंगवाल्याकडे जा. त्याच्याकडे दोन सिलिंडर असतात, एक ऑक्सिजनचा, एक अॅसिटिलीनचा. अॅसिटिलीनच्या जोडणीची आटी उलटी असते, डावीकडे फिरवल्यावर आवळली जाणारी. ऑक्सिजनची सरळ असते. त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लावायचं म्हटलं तरी लागत नाही. ज्याने हे ठरवलं त्याने ‘नळी जोडताना खात्री करा’ अशी पाटी लावून काम संपवलं नाही. त्याने चूक करायची सोयच काढून घेतली. बोईसरच्या रस्त्यावरचा पंधरा वर्षांचा शिकाऊ पोरगासुद्धा त्या आटीमुळे रोज वाचतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. पालघर-बोईसर ये-जा करणाऱ्यांना फाटकाची वाट पाहण्याचा कंटाळा येतो. पण सिग्नलशी जोडलेल्या फाटकाची गंमत अशी की फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा दिवा मिळतच नाही. फाटकवाला विसरला, तर गाडी थांबेल, माणूस मरणार नाही. आणि जिथे फाटकच नव्हतं, नुसती ‘थांबा, पाहा, मग जा’ अशी पाटी होती, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं ट्रॅक्टर, रिक्षा, शाळेच्या गाड्या चिरडल्या गेल्या. शेवटी रेल्वेने कुठे खालून रस्ता काढला, कुठे माणूस नेमला, कुठे फाटकच बंद केलं, आणि जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरची सगळी मानवरहित फाटकं संपवली. पाट्या आणखी मोठ्या केल्या असत्या तर हे झालं नसतं.

सुरक्षिततेच्या शास्त्रात या उपायांची एक उतरंड शिकवतात. सगळ्यात वर, धोका काढूनच टाका. ते जमत नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणा. तेही नाही जमलं तर धोक्याच्या आणि माणसाच्या मध्ये काहीतरी भक्कम उभं करा. त्याखाली नियम, प्रशिक्षण, पाट्या. आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, चष्मा, हेल्मेट. आपण काय करतो? खालून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. हातमोजे वाटले, पाटी लावली, फोटो काढला, झालं. कायदासुद्धा इतका खाली थांबत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं २१ वं कलम यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना भक्कम आवरण घाला असं सांगत होतं. ‘हात घालू नका’ असं लिहा, एवढ्यावर ते भागवत नव्हतं.

मला या उतरंडीत एक ओळखीची गोष्ट दिसते. मदरशात लहानपणी ऐकलेली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या साठ-सत्तरहून अधिक शाखा सांगितल्या. सगळ्यात वरची, अल्लाहशिवाय कुणी उपास्य नाही ही साक्ष. आणि सगळ्यात साधी, वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं. ‘सहीह मुस्लिम’मध्ये ही हदीस आहे. लहानपणी मौलवीसाहेब ती सांगायचे तेव्हा आम्ही मदरशातून घरी जाताना रस्त्यातले दगड लाथाडत कडेला करायचो आणि पुण्य मोजायचो. आता कारखान्यात उभा राहून मी तिचा विचार करतो तेव्हा दुसरंच काही जाणवतं. वाटेत काटा असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याला सावध करा, एवढ्यावर ही शिकवण थांबत नाही. काटा उचला, असं ती सांगते. मागून येणारा आंधळा असू शकतो, मूल असू शकतं, दमलेला असू शकतो. त्याच्या सावधपणावर त्याचा पाय सोपवायचा नाही.

‘अल्लाह बघून घेईल’, ‘देव तारेल’ हे मी दोन्ही धर्मांच्या माणसांकडून रात्रपाळीत ऐकतो. भरवसा हवाच. पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असं विचारणाऱ्या माणसाला प्रेषितांनी आधी बांधायला सांगितलं, हेही आमच्याकडेच सांगितलं जातं. सुटलेला उंट हा अल्लाहच्या खात्यावर लिहायचा नसतो.

एवढं सगळं ठाऊक असून टिकाऊ उपाय का होत नाहीत? लोक आळशी आहेत किंवा मालक निर्दय आहेत, असं म्हणणं सोपं आहे. मला दोन कारणं जास्त खरी वाटतात.

पहिलं कारण सहीचं. बादली ठेवायला कुणाची सही लागत नाही. चिंध्या टाकायला लागत नाही. सीलसुद्धा स्टोअरमधून नेहमीच्या चिठ्ठीवर मिळतं. पण पाइपला आधार द्यायचा तर पंप एक दिवस बंद ठेवावा लागतो, आणि त्याला उत्पादन विभागाची परवानगी, मॅनेजरची सही, कधी मालकाचा फोन. छोट्या कारखानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. माल वेळेवर गेला नाही तर पुढची ऑर्डर जाते, आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे एक दिवसाचं नुकसान त्याला डोळ्यांनी दिसतं. वर्षभरातल्या चार सीलांचा, बंद पडलेल्या पाळ्यांचा, वाया गेलेल्या मालाचा आणि मोडलेल्या मनगटाचा खर्च मात्र एका बिलात कधी येत नाही. तो वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असतो. त्यातला काही तर जव्हारच्या एखाद्या घरात पडलेला असतो आणि कारखान्याच्या वहीत येतच नाही.

दुसरं कारण कौतुकाचं. मध्यरात्री फोन आल्यावर धावत येणारा, घामाघूम होऊन पहाटेपर्यंत पंप सुरू करून देणारा फिटर सगळ्यांना दिसतो. सकाळी त्याला चहा मिळतो, शाबासकी मिळते, कधी वार्षिक समारंभात शालही. आणि ज्याने पाइपखाली अँगल लावला, त्याच्यामुळे काय घडलं? काहीच नाही. रात्रीचा फोन आला नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. आमचे मिस्त्री निवृत्त झाले तेव्हाच्या भाषणात त्यांनी एका पावसाळ्यात पाण्यात उभं राहून मोटर काढल्याचा उल्लेख झाला. अँगलचा झाला नाही. त्यांना वाईट वाटलं नाही, मला वाटलं.

आणि ही गोष्ट एका पंपापुरती किंवा एका फाटकाच्या आतपुरती राहत नाही. आत जे उगमाशी अडवलं नाही ते बाहेर जातं. तारापूर वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथून नवापूरच्या बाजूला समुद्रात. जे केंद्राला झेपत नाही त्याचा भार शेवटी खाडीवर आणि कोळ्यांच्या जाळ्यावर पडतो. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद याच दुखण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रक्रिया केंद्राला आणि शंभरावर कारखान्यांना जबाबदार धरून मोठी भरपाई भरायला सांगितली. नळीच्या टोकाला केंद्र उभारणं गरजेचंच असतं. पण प्रत्येक कारखान्यात किती पाणी मुळात घाण होतं, हा प्रश्न टोकाला उभं राहून सुटत नाही. तो आत, पंपापाशी, टाकीपाशी, धुण्याच्या पद्धतीपाशी सुटतो. सातपाटी, मुरबे, नवापूरची माणसं आपली बादली कधीच पाहत नाहीत. पण ती कुणीतरी ओततं ते त्यांच्याच दिशेने जातं.

मी तात्पुरत्या उपायांच्या विरुद्ध नाही. हे स्पष्ट करायला हवं, नाहीतर मेन्टेनन्समधले माझे भाऊबंद मला हसतील. रात्री दोन वाजता सील गळायला लागलं तर बादलीच ठेवावी लागते. रक्त येत असेल तर आधी चिंधी बांधतात, डॉक्टर नंतर. बादलीत गैर काहीच नाही. गैर हे की सकाळी तिच्याकडे पाहून कुणाला काही वाटत नाही, महिनाभराने ती यंत्राचाच भाग वाटू लागते आणि वर्षाने नव्या माणसाला शिकवलं जातं की ‘इथे बादली ठेवायची असते’. त्या क्षणी अडचण संपते आणि पद्धत सुरू होते.

म्हणून आम्ही एक छोटी सवय लावून घेतली. कुठलीही तात्पुरती सोय केली की तिला एक लाल चिठ्ठी बांधायची. बादली असो, तारेने आवळलेला पाइप असो, लाकडाचा टेकू असो, किंवा बंद करून ठेवलेला अलार्म असो. चिठ्ठीवर तीन गोष्टी. ही सोय कधी केली, कुणाच्या परवानगीने केली, आणि कोणत्या तारखेला काढणार. तीच नोंद एका वहीत. तारीख उलटली तर ज्याने परवानगी दिली त्याला पुन्हा सही करावी लागते. एवढंच. यात पैसा नाही, संगणक नाही. पण सहीचं ओझं उलटं झालं. पूर्वी टिकाऊ उपायाला सही लागायची, आता टाळाटाळीला लागते. एकाच बादलीवर तिसऱ्यांदा सही करताना माणसाचा हात थोडा अडखळतो, आणि मग तो विचारतो, हा पंप बंद कधी ठेवता येईल?

आणि आणखी एक. महिन्यातून एकदा ही वही घेऊन आम्ही हेल्परांमध्ये बसतो. साहेबांच्या केबिनमध्ये नाही, चहाच्या जागेवर. विचारतो, रोज काय उचलावं लागतं, कुठे जपून पाय टाकावा लागतो, कशाची भीती वाटते? पहिल्यांदा कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा एकाने बॉयलरमागच्या पायरीबद्दल सांगितलं, एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे आणि अंधारात ठेच लागते. तिच्याशेजारी पिवळी पाटी होती, ‘पायरी सांभाळा’. गवंड्याने अर्ध्या दिवसात पायरी सारखी केली. पाटी आम्ही काढून ठेवली.

वहीत आज सात नोंदी आहेत. त्यातल्या दोन खर्चिक आहेत, त्यांना मालकाची मंजुरी यायची आहे, आणि एकीवर दुसरी सही झालेली आहे. मी रोज सकाळी पाळी सुरू होताना आधी ती वही उघडतो, मग बाकीचं काम.